वरचा मासा

नाशिकला समुद्र नाही, हे मला माहीत आहे. मुद्दाम सांगतो, कारण नोकरीभर लोक मला ते सांगत आले. कुठल्या खात्यात होतात, असं कुणी विचारलं आणि मी 'मत्स्यव्यवसाय' म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग म्हणतो, "अहो, पण नाशिकला समुद्र कुठंय?" लग्नाच्या पंगतीत तेच, दवाखान्याच्या बाकावर तेच. माझ्या सासऱ्यांनी तर मुलगी द्यायच्या आधी दोन माणसं ऑफिस बघायला पाठवली होती, असं खातं खरंच आहे की पोरगा थापा मारतोय म्हणून. नाशिक रोडला आमच्या कॉलनीत निम्मे लोक नोटांच्या छापखान्यातले. त्यांना कुणी असले प्रश्न विचारत नव्हतं. मला मात्र घरच्या सत्यनारायणाला भटजींनीसुद्धा विचारलं.

हसा खुशाल. समुद्र नसेल, पण धरणं आहेत. गोदावरी, दारणा, कादवा, गिरणा, जिकडे नदी तिकडे बांध. त्या पाण्यात पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही बोटाएवढी पिल्लं सोडायचो. आमच्या भाषेत ती बोटुकली. कटला, रोहू, मृगळ. धरणकाठच्या मच्छीमारांची सहकारी संस्था त्या पाण्याचा ठेका घेते, संस्थेचे सभासद संध्याकाळी जाळी लावतात, पहाटे उचलतात. बोटी थोड्या. बहुतेक जण ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर फळी बांधून तराफा करतात आणि त्यावर बसून हातानं पाणी मारत जातात. बघणाऱ्याला भीती वाटते, त्यांना नाही.

मासा धरणं त्यांना शिकवावं लागत नाही. घोडं अडतं ते विकताना. कांदा चाळीत थांबतो, द्राक्ष शीतगृहात थांबतं, मासा कुणासाठी थांबत नाही. सकाळी ज्याचा डोळा आरशासारखा असतो तो दुपारी पांढरा पडला की भाव कोसळलाच. म्हणून काठावर बर्फ घेऊन येईल तो राजा. आमच्या भागात तो राजा म्हणजे हनीफभाई. जुन्या नाशकातला मासळीचा व्यापारी, पानानं रंगलेलं तोंड, बोलणं साखरेसारखं. माणूस वाईट नव्हता. अडीनडीला तो धावायचा, मयतीलाही यायचा. पण बर्फ त्याचा, गाडी त्याची, म्हणून भावही त्याचाच. "दादा, लेना है तो इस भाव में लूंगा, वरना आपका माल, आपका धरण," असं म्हणून तो गाडीला टेकून पान लावत बसायचा. ऊन वाढत जायचं आणि समोरचा माणूस नरम होत जायचा.

आता माझ्याविषयी एकच गोष्ट सांगतो. नोकरीत मी फुकटचा मासा घरी आणला नाही, एकदाही नाही. मी सटाण्याकडचा. आई अहिराणीत सांगायची, "फुकटनं शे ते घरमा आनू नको." ते डोक्यात बसलं होतं. गावोगावी संस्थेची माणसं जीपमध्ये पिशवी ठेवायची, मी काढून परत द्यायचो. त्यावरून माझं नाव 'शाकाहारी साहेब' पडलं. घरी आठवड्याला दोनदा कालवण, आणि गावात मी शाकाहारी!

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. एक योजना आली. किनाऱ्याजवळ मासेमारी करणाऱ्या छोट्या मच्छीमारांना आपला मासा बाजारात न्यायचा खर्च परवडावा, वाटेत कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये, म्हणून सरकारनं गाडीला मदत द्यायची, बर्फाच्या पेट्या द्यायच्या आणि सुरुवातीची काही वर्षं वाहतुकीचा नि बर्फाचा काही भार उचलायचा. योजना अशी की वाचणाऱ्याला खारा वारा लागावा. सगळीकडे बंदर, भरती, ओहोटी. आमचे विभागातले वरिष्ठ होते मयेकरसाहेब. मालवणकडचे, शिस्तीचे, कमी बोलणारे. मी त्यांना विचारलं, "साहेब, धरणाला लागू करायची का?" ते म्हणाले, "पाणी आहे ना? मासा आहे ना? मग भांडून लागू करून घेऊ." आणि खरंच वरपर्यंत भांडले.

जिल्ह्यातली पहिली गाडी मी मागून घेतली ती आंबेपाड्याच्या संस्थेला. दिंडोरीच्या पलीकडे, जिथे द्राक्षाचे मांडव संपतात आणि डोंगर सुरू होतात, तिथलं हे धरण. संस्थेचा चेअरमन देवराम. झुपकेदार मिशा आणि आवाज असा की या काठावरून हाक मारली की पलीकडच्या काठावरचा तराफा वळायचा. गाडी आली, छोटा निळा टेम्पो. हार, नारळ, पेढे. देवराम चाकावर पाणी घालताना नव्या नवरदेवासारखा लाजत होता. अटी मी सगळ्यांना समजावून सांगितल्या. माल नाशिकच्या बाजारात संस्थेनं स्वतः विकायचा, व्यापाऱ्याला घाऊक द्यायचा नाही. गाडीत मासा आणि संस्थेचे सभासद, तिसरं कुणी नाही. पहिला हंगाम संपला की तपासणी. जमलं नाही तर गाडी दुसऱ्या संस्थेला जाणार. खानदेशातल्या एका संस्थेचा त्या गाडीवर आधीच डोळा होता.

त्या गर्दीत देवरामची थोरली वहिनी हौसाबाई उभी होती. उंच, हाडापेरानं मजबूत, डोक्यावर पालथी टोपली. हातावर नारळाचा तुकडा घेतला, पण गाडीजवळ आली नाही.

पहिल्या फेरीला मी पहाटेच जुन्या नाशकातल्या मासळी बाजारात जाऊन थांबलो होतो. म्हटलं, आपलं लेकरू शाळेत जातंय, पहिल्या दिवशी सोबत असलेलं बरं. टेम्पो आला. देवराम आणि तीन गडी उतरले. बर्फाच्या पेट्या उघडल्या तर काय माल होता म्हणून सांगू! कटला असा की दोन हातांत मावू नये. गिऱ्हाईक सरकलं पुढे. एका बाईनं विचारलं, "काय भाव दिला हो?"

चौघं एकमेकांकडे बघायला लागले.

"सांगा ना, काय भाव?"

देवरामनं मिशांवरून हात फिरवला आणि मान खाली घातली. धरणभर घुमणारा तो आवाज घशातच राहिला. बाईनं वाट पाहिली आणि शेजारच्या ओट्यावर गेली. दुसरं गिऱ्हाईक आलं, तेही गेलं. तागडी नवीकोरी, पिशवीतून बाहेरच काढलेली नाही. मी संतापलो. "अरे, तोला ना! हात काय बांधलेत का?"

"साहेब," देवराम माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तागडी बाईची असती. आमच्यात गडी तागडी धरत नाय. गड्यानं मासा तोलला का दुसऱ्या दिवशी जाळं रितं येतं."

"मग हे गाव सोडायच्या आधी का नाही बोललास?"

"तुमी विचारलं कुठं? तुमी म्हनले, सभासद बसवा. आमी बसलो."

चौघंही मयतीला आल्यासारखे हात मागे बांधून उभे. शेवटी मीच भाव ओरडलो, पण माझ्या तोंडून तो सरकारी सूचनेसारखा निघाला आणि लोक हसले. ऊन वर आलं. बर्फाचं पाणी गटाराला लागलं. तेवढ्यात पान चघळत हनीफभाई आले, पेट्यांवर नजर टाकली आणि सगळा माल उचलला. काठावर द्यायचे त्याहून कमी भावानं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहिरेसाब, सरकारने गाडी दी, जबान नहीं दी."

पुढच्या फेऱ्याही तशाच गेल्या. गाडी दिमाखात यायची, आणि हनीफभाई तिची वाट बघत ओट्यावर बसलेले असायचे. त्यांना आता आंबेपाड्यापर्यंत जायचेही कष्ट नाहीत. सरकारी खर्चानं माल त्यांच्या दारात!

मग मी आंबेपाड्याला गेलो. संस्थेच्या ओसरीवर देवराम आणि सात-आठ गडी बसले होते. मी बोलायला तोंड उघडतोय तोच हौसाबाई आली. मागे आणखी बायका. हौसाबाईनं टोपली माझ्यापुढे आदळली.

"ही घ्या साहेब. गाडीत टाका आन् सरकारला देऊन टाका."

"का हो, काय झालं?"

"काय झालं? पहाटं मासा निघतो, सगळा तुमच्या गाडीत. आमी काय इकायचं? माझी सासू दिंडोरीच्या बाजारात बसायची, तिच्या मागं मी बसते. लोक माझी वाट बघत्यात. हौसाबाई का नाय आली, म्हनून इचारत्यात. तुमी म्हनता गाडीनं आमचे पाय वाचले. पाय वाचले साहेब, पन पायाखालची जागाच गेली."

मी दिंडोरीच्या बाजारात तिला बघितलं होतं. बाई विकायला बसली की आजूबाजूचे ओटे ओस. मासा तोलून झाला की प्रत्येक गिऱ्हाईकाच्या पिशवीत एक छोटासा मासा वरून टाकायची, न तोलता. त्याला त्या बायका 'वरचा मासा' म्हणायच्या. एखादा घासाघीस करून कितीही छळो, वरचा मासा चुकायचा नाही. आणि एखाद्याचा अगदीच राग आला तर वरचा मासा टाकायची नाही. तो माणूस मग बाजारभर तोंड पाडून फिरायचा.

मी म्हणालो, "मग हौसाबाई, तुम्हीच बसा की गाडीत."

देवराम चुळबुळला. "साहेब, तुमीच म्हनले, गाडीत फक्त सभासद. आन् सभासद व्हायचं तर मासा धरनारा पायजे. खात्याचाच नेम हाये. बायका कुठं धरत्यात? आमच्यात बाई तराफ्यावर पाय ठेवत नाय."

"आन् तुमच्यात गडी तागडीला हात लावत नाय," हौसाबाई म्हणाली. "मग बसा भाऊजी, दोघं मिळून गाडीला हळद-कुंकू वाहू."

सगळे हसले, देवरामही. पण हसण्यासारखं काही नव्हतं. नियम चोख होता आणि माझ्याच खात्याचा होता. व्यापाऱ्यांनी आपली माणसं सभासद म्हणून घुसवू नयेत म्हणून केलेला. जो मासा धरतो तोच मच्छीमार, आणि तसा दाखला देणारे मयेकरसाहेब. इकडे हंगाम निम्मा सरला होता. गाडी गेली असती तर आंबेपाड्याला पुन्हा कुणी गाडी दिली नसती. हनीफभाई परत काठावर येऊन गाडीला टेकले असते, आणि या वेळी भाव सांगताना त्यांना पानसुद्धा लावायची गरज पडली नसती. हौसाबाईचं तर दिंडोरी आधीच गेलं होतं.

मयेकरसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नियम वाकवायचा नाही. पण मी येतो. बघू द्या."

ते आले ते चैत्रात. धरण ओसरलं होतं, काठाला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता आणि खाचखळग्यांत गुडघाभर पाणी साचलं होतं. देवरामनं खुर्च्या मांडल्या, चहा केला. मयेकरसाहेबांनी सरळ विचारलं, "हौसाबाई, तुम्ही मासे धरता का?"

"नाय," हौसाबाई म्हणाली. बाई खोटं बोलणारी नव्हती. मी कपाळाला हात लावला. एवढ्या लांबून साहेबांना आणलं, आणि खेळ एका शब्दात खलास.

मयेकरसाहेब उठले. "बरं. मग आम्ही निघतो." दोन पावलं गेले आणि थांबले. तिकडे खळग्यात सात-आठ बायका लुगडी खोचून ओळीनं उभ्या होत्या. दोघींनी जुनं लुगडं ताणून धरलेलं, बाकीच्या पायानं पाणी ढवळत मासे त्याच्याकडे हाकलत होत्या. एक म्हातारी टोपली पालथी घालून तिच्या बुडाच्या भोकातून हात घालत होती. बघता बघता तिनं एक मरळ वर काढला आणि मान धरून काठावर भिरकावला. तो वळवळत येऊन साहेबांच्या बुटावर पडला.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"ते होय?" हौसाबाई म्हणाली. "ते कालवनापुरतं. पानी आटलं का आमी रोजच धरतो. लगीन होऊन आले तव्हापासून."

"आणि मग मला नाही का म्हणालात?"

"ती का मासेमारी हाये? तराफा नाय, जाळं नाय. बायामान्सांचं काम ते."

देवरामनंही मान डोलावली. "हां साहेब, ते आपलं घरचं."

गंमत बघा. गावातल्या कुणालाही, त्या बायकांनासुद्धा, आपण मासे धरतो असं कधी वाटलं नव्हतं. जेवणातले निम्मे मासे त्या आणत होत्या, आणि विचारलं तर 'नाय'! मी मयेकरसाहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ते वाकले, तो मरळ दोन्ही हातांनी उचलला आणि म्हातारीच्या टोपलीत नेऊन सोडला. त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल लागला.

"माझी आई ओहोटीला खडपात, किनाऱ्यावरच्या खडकांत जायची," ते म्हणाले. "कालवं काढायची. पावसाळाभर आमचं घर त्यावर चालायचं. पण वडील मच्छीमार आणि आई नुसती घरी असते, असंच आम्ही शाळेत सांगायचो." मग माझ्याकडे वळून नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "अहिरे, या सगळ्या मच्छीमार आहेत. मी डोळ्यांनी पाहिलंय. आजच दाखले करा."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

सभासद झाल्यावर पहिल्या फेरीला हौसाबाई ड्रायव्हरच्या शेजारी बसली. तिच्यासोबत आणखी एक बाई. मागे बर्फाच्या पेटीवर चेअरमन देवराम. बाजारात उतरल्या उतरल्या बाईनं ओटा धुऊन घेतला, पेटीतला बर्फ वरून झटकला आणि मासे पोटाकडून न मांडता डोळ्यांकडून मांडले.

"डोळा बघू द्या लोकांना," ती म्हणाली. "डोळा खोटं बोलत नाय."

आणि मग जो आवाज सुटला! "या ताई, या! धरनाचा गोडा मासा, पहाटं पान्यात व्हता! बघा, अजून रुसलाय माझ्यावर!" गिऱ्हाईक वळलं. बर्फातला म्हणजे शिळा, असं एका म्हाताऱ्यानं म्हटल्यावर तिनं माशाचा कल्ला उघडून त्याच्या नाकापुढे धरला. "घ्या बाबा, हुंगा. शिळा निघाला तर मला परत आनून द्या, मी हितंच हाये." घासाघीस करणाऱ्यांना ती मधाचं बोट लावायची आणि शेवटी आपल्याच भावावर आणायची. आणि प्रत्येकाच्या पिशवीत वरचा मासा. नाशिकच्या बाजारात ही चाल नवी होती. दोन-चार फेऱ्यांत लोक विचारायला लागले, 'वरचा मासा देणाऱ्या बाई आल्या का?'

फेऱ्यांचे वारही तिनंच बदलले. नाशिकचं गिऱ्हाईक पंचांग बघून मासा खातं. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर चतुर्थी नि एकादशी. आम्ही ऑफिसात बसून गाडीचे वार सोमवार आणि गुरुवार ठरवले होते! तिनं रविवार, बुधवार, शुक्रवार केले आणि श्रावणात गाडी सरळ दुरुस्तीला लावायची, असं ठरवून टाकलं.

हंगाम संपत आला. तपासणीला मयेकरसाहेब थेट बाजारात आले, रविवारी, कुणालाही न कळवता. ओट्यापुढे ही गर्दी. सोबतची बाई तापानं घरी राहिलेली, हौसाबाई एकटी. एका हातानं तोलतेय, दुसऱ्या हातानं मासा साफ करतेय, तोंडानं गिऱ्हाईक सांभाळतेय. मागची माणसं कंटाळून निघायला लागली. पलीकडच्या ओट्यावर हनीफभाई शांतपणे बघत होते. माल उरला तर तो त्यांचाच.

हौसाबाईनं मागे वळून हाक मारली, "भाऊजी! दुसरी तागडी घ्या!"

देवराम जागचा हलला नाही. "वहिनी, अगं..."

"अगं-बिगं नाय. साहेब आलेत, गिऱ्हाईक चाललंय. आमची खळग्यातली मासेमारी साहेबानं खरी धरली, तव्हा तुमी चालवून घेतलं का नाय? आता तागडी धरा."

देवरामनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मयेकरसाहेबांकडे. मग पिशवीतून ती कोरी तागडी काढली, कपाळाला लावली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि उभा राहिला. पहिला मासा त्यानं मान खाली घालूनच तोलला. दुसऱ्या माशाला मान वर झाली. तिसऱ्याला त्याचा तो धरणावरचा आवाज सुटला, "बोला ताई!" आणि अख्खा बाजार वळून बघायला लागला. हनीफभाईंनी पान थुंकलं आणि मोठ्यानं हसले. "अब जबान भी आ गई," ते म्हणाले. मनापासून म्हणाले, हे मी सांगू शकतो.

गाडी आंबेपाड्याची आंबेपाड्यात राहिली.

दुसऱ्या दिवशी मात्र जाळं रितं आलं. खरंच आलं! देवरामनं ऑफिसात फोन केला, रडवेला होऊन. "बगा साहेब, मी म्हनलो व्हतो!" मी काही बोलायच्या आत मागून हौसाबाईचा आवाज ऐकू आला. "मग उद्या तराफ्यावर मी जाते. तुमी बसा तागडी धरून." ती गेली. खरंच तराफ्यावर बसून गेली, देवराम काठावर देवाचं नाव घेत उभा. किती मासा आला ते मी विचारलं नाही. पण त्यानंतर आंबेपाड्यात कुणाचा हात कशाला लागावा नि कशाला लागू नये, याबद्दल कुणी फारसं बोललं नाही.

नंतरच्या वर्षांत मी बरीच कामं केली. शेततळ्यांत मासे सोडले. दिंडोरीचा एक द्राक्ष बागायतदार रोज सकाळी फोन करायचा, "साहेब, तुम्ही मासे टाकले म्हणता, मग दिसत का नाहीत?" त्याला पाण्यातला मासा द्राक्षाच्या घडासारखा लटकलेला बघायचा होता. काही योजना फसल्या. दोन ठिकाणी आमच्या गाड्यांतून पुढे भाजी आणि वऱ्हाडी फिरायला लागले, त्याची खंत आहे. वाहतुकीची मदतही मुदत संपल्यावर थांबली. ऑफिसात सगळे म्हणाले, आता आंबेपाड्याचे लोक परत हनीफभाईंच्या दारात. मी पैज लावली नाही, कारण मला खात्री होती आणि खात्रीच्या गोष्टीवर पैज लावणं म्हणजे लुबाडणं. झालं असं की हनीफभाईच बुधवारी आणि शुक्रवारी हौसाबाईच्या ओट्यावर यायला लागले, हॉटेलांसाठी मोठा कटला घ्यायला. ती सांगेल त्या भावानं.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच रविवारी मी पिशवी घेऊन मासळी बाजारात गेलो. बायको म्हणाली होती, "आता साहेबपणा गेला, भाव नीट करा." हौसाबाईचे केस पांढरे झाले होते, आवाज तोच. शेजारी देवराम तागडी घेऊन बसलेला, मिशाही पांढऱ्या. मी गिऱ्हाइकासारखा रांगेत उभा राहिलो. पाळी आल्यावर घासाघीस केली. एक पैसा सोडला नाही बाईनं.

"अहो, जुनी ओळख आहे आपली," मी म्हटलं.

"वळख हाये म्हनून तर ताजा देते. भाव सगळ्यांना सारखा."

देवरामनं तोललं. मी पिशवी पुढे केली. हौसाबाईनं मासा घातला, मग पाटीतून एक छोटा, वीतभर, चमकणारा रोहू उचलला आणि वरून टाकला.

माझा हात आपोआप पिशवीत गेला. तीस वर्षांची सवय. मी तो मासा काढून तिच्यापुढे धरला. "हौसाबाई, तुम्हाला माहीत आहे, मी फुकटचा घेत नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, पण दिंडोरीच्या बाजारात चुकीचा भाव सांगणाऱ्याकडे बघायची तसं.

"साहेब व्हते तव्हा नाय घेतला, बरं केलं. मीबी कधी दिला नाय. आता तुमी गिऱ्हाईक हाये. वरचा मासा फुकट नसतो. तो गिऱ्हाइकाचा हक्क असतो."

मागची बाई म्हणाली, "घ्या हो काका, रांग थांबलीय."

मी घेतला. घरी आल्यावर बायकोनं पिशवी उघडली आणि विचारलं, "हा कसला एवढासा?" मी म्हटलं, "तो वरचा आहे. वेगळा तळ."